निष्ठेचं कलम : एका छोट्या निकालपत्राचं रसग्रहण

निकालपत्र रसिकतेनं वाचावं, असं आपल्याकडे सहसा कुणी म्हणत नाही. निकाल वकिलांनी अभ्यासायचे, पक्षकारांनी सोसायचे आणि बाकीच्यांनी वर्तमानपत्रात दोन ओळींत वाचायचे. तरीही काही निकालांची भाषा, त्यांची बांधणी आणि विशेषतः त्यांनी बोलायचं टाळलेल्या गोष्टी पुन्हा पुन्हा वाचाव्याशा वाटतात. कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाचा २००२ सालचा एक निकाल माझ्या लेखी त्यांतला आहे. नवरा-बायकोनं एकमेकांशी एकनिष्ठ राहण्याचा लेखी करार केला, मोडणाऱ्यानं दुसऱ्याला ५०,००० डॉलर द्यायचे ठरलं आणि करार मोडला गेला. ते पैसे न्यायालय मिळवून देईल का? निकाल मोजक्या पानांत सांगतो : नाही. या नकारामागचा विचार जितका नेमका आहे तितकाच माणुसकीचाही आहे, असं मला मनापासून वाटतं.

दोघांची नावं खटल्याच्या शीर्षकात आहेत, पण इथे त्यांना नवरा आणि बायको एवढंच म्हणू. लग्न १९८८चं. १९९३ मध्ये नवऱ्याचं बाहेर प्रकरण असल्याचं उघडकीला आलं. संसार मोडायच्या बेतात होता, पण तो सावरायचा असं दोघांनी ठरवलं आणि त्यासाठी एका करारनाम्यावर सह्या केल्या. पाच वर्षांनी, १९९८ मध्ये, नवऱ्याचं पाऊल पुन्हा घसरलं. घटस्फोट झाला आणि बायकोनं करारभंगाचा दावा लावला. हा करार लग्नानंतरचा होता, पण लग्नाआधीच्या करारांनाही तिथे सार्वजनिक धोरणाची हीच कसोटी लागते. अमेरिकेत १९८३ साली विवाहपूर्व करारांसाठी जो नमुना-कायदा तयार झाला आणि जो कॅलिफोर्नियानं थोड्या फेरफारांनी स्वीकारला, त्यात जोडप्याला मालमत्तेखेरीज वैयक्तिक हक्क-कर्तव्यांविषयीही ठरवायची मुभा आहे. अट एवढीच की ते सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध असता कामा नये. सगळा वाद या एका अटीभोवती फिरतो.

आधी कलम पाहू, कारण निकालाची खुमारी कळायची तर ते किती मन लावून लिहिलं होतं हे कळायला हवं. सुरुवात होते ती जवळजवळ सप्तपदीच्या सुरात. हे नातं फक्त या दोघांचं आहे आणि ते भावनिक व शारीरिक निष्ठेवर आणि परस्परांच्या विश्वासावर उभं आहे, असं दोघं मान्य करतात. पुढच्याच वाक्यात सूर बदलतो. ही निष्ठा म्हणजे दोघांवरचं कायदेशीर बंधन आहे, असं कलम सांगतं. मग येते भंगाची व्याख्या : विवाहाबाहेरच्या कोणत्याही व्यक्तीच्या ओठांचं आपणहून चुंबन घेणं किंवा तिला लैंगिक प्रकारचा स्पर्श करणं. तसं घडलं की नाही, हे तथ्यांचा निवाडा करणाऱ्यानं ठरवायचं.

या व्याख्येपाशी थांबायला हवं. वचन दिलंय भावनिक निष्ठेचं आणि शारीरिक निष्ठेचं, पण भंगाच्या व्याख्येत भावना कुठेच नाही. उरलंय ते फक्त शरीर. नवरा दुसऱ्या बाईला रोज पत्रं लिहीत राहिला, मनानं पूर्ण तिचा झाला, तरी या कलमाप्रमाणे त्यानं काहीही मोडलेलं नाही. उलट दारूच्या भरात एकदा चुंबन घेतलं, तर घर सोडायची वेळ. लिहिणाऱ्याचा हा निष्काळजीपणा नव्हे. मन कुणाकडे गेलं हे साक्षी-पुराव्यानं सिद्ध करता येत नाही, म्हणून वचन विस्तीर्ण ठेवूनही भंग अरुंद करावा लागला. जे बायकोला हवं होतं आणि जे न्यायालयात टिकेल असं वकिलाला वाटलं, त्यांतलं अंतर या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत उघडं पडलंय.

'आपणहून' हा शब्दही जाणीवपूर्वक टाकलेला आहे. कुणी जबरदस्ती केली, कुणी अचानक गळ्यात पडलं, तर दोष लागू नये. उंबरठाही मुद्दाम खाली ठेवलाय. शय्यासोबतीला साक्षीदार नसतो आणि ती नाकारणं सोपं असतं. चुंबन मात्र दारात, गाडीत, रस्त्यावर कुणाच्याही नजरेला पडू शकतं. शिवाय घसरलेला असतो एकटा नवरा, पण कलम दोघांना सारखंच बांधतं. दोघांपैकी जो मोडेल तो, अशी त्याची भाषा आहे. बायकोनं स्वतःवर तेच बंधन घेतलं आणि कागदाला सुडाचा वास येऊ दिला नाही. संसार वाचवायच्या आशेनं लिहिलेला कागद आहे हा, आणि ती आशा त्याच्या ओळीओळीत दिसते.

मग परिणाम. मोडणाऱ्यानं मागणी होताच राहतं घर सोडायचं, खटल्याचा सगळा खर्च आणि वकिलाची फी भरायची आणि घटस्फोट झाला की ५०,००० डॉलर द्यायचे. रकमेला आधार म्हणून आधीच लिहून ठेवलंय की अशा भंगानं दुसऱ्याला गंभीर भावनिक, शारीरिक आणि आर्थिक इजा होऊ शकते. करारशास्त्राच्या दृष्टीनं हे चांगलं वकिली काम आहे. नुकसान मोजणं अवघड असतं तिथे ते आधीच अंदाजानं ठरवून ठेवायची सोय करारात असते, आणि काळजाला झालेल्या जखमेइतकं मोजायला अवघड दुसरं काय असणार? पण याच ओळीत कलमाचा घात दडलेला आहे. ही रक्कम मालमत्तेच्या वाटणीव्यतिरिक्त आणि पोटगीव्यतिरिक्त असेल, असं तिथे स्पष्ट म्हटलंय. म्हणजे हे पैसे बायकोच्या हिश्शाचे नाहीत आणि तिच्या पोटापाण्याचेही नाहीत. हिस्सा वगळला, पोटगी वगळली, तर मागे उरते ती शिक्षा. हक्क पक्का करायला घातलेल्या त्या ओळीनंच न्यायालयाला रकमेचं खरं रूप दाखवलं.

निकालाचं वजन कळायला १९६९ साली मागे जावं लागतं. त्याआधी कॅलिफोर्नियात घटस्फोट हवा तर दोष सिद्ध करावा लागे : व्यभिचार, क्रूरता, सोडून जाणं. दोषी ठरलेल्याच्या हातात मालमत्ताही कमी पडू शके. जोडीदारानं व्यभिचार केला असेल, तर निर्दोष पक्षाला सामाईक मालमत्तेत निम्म्याहून जास्त वाटा मिळायचा. परिणामी घटस्फोटाचा खटला म्हणजे एकमेकांची लक्तरं वेशीवर टांगण्याची जागा झाली. देशाच्या दुसऱ्या टोकाला, न्यूयॉर्कमध्ये, १९६०च्या दशकात कायदा बदलेपर्यंत व्यभिचार हेच घटस्फोटाचं एकमेव कारण होतं. तिथे हॉटेलच्या खोलीत भाडोत्री बाईबरोबर नवऱ्याचा फोटो काढून खोटा पुरावा उभा करण्याचा धंदाच चाले. १९६९ साली गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी नव्या कौटुंबिक कायद्यावर सही केली आणि १ जानेवारी १९७० पासून कॅलिफोर्नियात दोषाचा प्रश्नच उरला नाही. न मिटणारे मतभेद एवढं कारण घटस्फोटाला पुरेसं ठरलं, सामाईक मालमत्ता निम्मी-निम्मी वाटायची झाली आणि घटस्फोटाच्या कामात जोडीदाराच्या विशिष्ट गैरवर्तनाचा पुरावा सहसा अग्राह्य मानला जाऊ लागला. कायद्यानं पुढच्या दारानं बाहेर काढलेला दोष हे जोडपं कराराच्या मागल्या दारानं आत आणत होतं.

आता निकाल. त्याची पहिली खुबी त्याच्या कार्यपद्धतीत आहे. खालच्या न्यायालयानं पुरावा ऐकायला बसण्याऐवजी, कुणी अर्ज न करता, स्वतःहून दावा-जबाबाच्या कागदांवरच निर्णय दिला. बायको म्हणते ते सगळं खरं धरलं तरीही हा करार अंमलात आणता येणार नाही, असा त्याचा अर्थ. अपील न्यायालयानं तेच उचलून धरलं. म्हणून या खटल्यात कुणाला पिंजऱ्यात उभं राहून चुंबनाचं वर्णन करावं लागलं नाही. त्या बाईला समन्स गेलं नाही आणि शेजाऱ्यांची साक्ष झाली नाही. न्यायालयानं खाजगी आयुष्यात शिरू नये असं सांगणारा हा निकाल स्वतःही तिथे शिरला नाही. तत्त्व आणि आचरण यांचा असा मेळ निकालपत्रात क्वचित दिसतो.

दुसरी खुबी युक्तिवादाच्या बांधणीत. पायऱ्या तीनच. कराराचं उद्दिष्ट कायदेशीर असावं लागतं. लग्न मोडताना, मालमत्ता वाटताना किंवा पोटगी ठरवताना न्यायालयाला दोष पाहता येत नाही. आणि हा करार तर विवाहकाळातल्या दोषासाठीच एका पक्षाला दंड करायला निघाला आहे. म्हणून तो दोषविरहित घटस्फोटाच्या धोरणाला थेट छेद देतो. संपलं. विवाहसंस्थेवर प्रवचन नाही, नवऱ्याला उपदेश नाही, बायकोनं असा कागद का करून घेतला याबद्दल एक शब्द नाही. व्यभिचार चांगला की वाईट, यावर न्यायालय बोलत नाही. निष्ठेचं वचन मोलाचं की नाही, यावरही नाही. ते म्हणतं इतकंच की या वचनाची वसुली आमच्याकडून होणार नाही. दुसऱ्या कुणी याच विषयावर वीस पानं भरली असती. या न्यायालयानं हात आखडता घेतला आणि निकालाला उंची मिळाली.

दोन वर्षांनी याच राज्यात एका वेगळ्या वचनाचा प्रश्न आला. कोकेनच्या नादी लागलेल्या नवऱ्यानं लिहून दिलं होतं की पुन्हा कोकेन घेतलं तर मालमत्तेवरचा आपला हक्क बायकोला जाईल. २००४ साली तिथल्या अपील न्यायालयानं तोही करार याच तर्कानं नाकारला. २००९ मध्ये आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे व्यभिचारानंतर समेट करताना लिहिलेला एक कागद आला. न्यायमूर्ती ब्रेंट अ‍ॅपेल यांच्या निकालानं तोही फेटाळला आणि कॅलिफोर्नियानं मोघम ठेवलेली एक गोष्ट उघड मांडली. असे करार मान्य केले, तर संसार कुणामुळे मोडला हे न्यायालयाला शोधत बसावं लागेल, आणि शयनगृहातले वाद सोडवण्याचं काम न्यायालयाचं नव्हे. हे मला पटतं. संसार मोडायला क्वचितच एक कारण असतं. चुंबनाआधी वर्षानुवर्षांचा अबोला असू शकतो, आणि त्या अबोल्याला कलम नसतं.

पण रसग्रहण करणाऱ्यानं विरुद्ध बाजूचं बळही दाखवायला हवं, आणि ते मेरीलँडच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३च्या निकालात आहे. तिथल्या जोडप्याच्या लग्नानंतरच्या करारात व्यभिचाराची किंमत होती ७० लाख डॉलर. नवरा गडगंज घराण्यातला. मसुद्यात रक्कम ५० लाख होती आणि ती वाढवून ७० लाख करायला लावली नवऱ्यानंच. पुढे त्यानं करार मोडला आणि रक्कम म्हणजे दंड आहे असा बचाव घेतला. न्यायालयानं तो मानला नाही. मेरीलँडचा कायदा नवरा-बायकोला मालमत्ता, पोटगी आणि वैयक्तिक हक्क यांबाबत करार करू देतो. दोघांनी डोळे उघडे ठेवून, वकिलांच्या सल्ल्यानं मालमत्तेची जी विभागणी ठरवली तिला व्यापारी कराराची दंडाची कसोटी लागू होत नाही, असा निकाल आला. त्या वेळी मेरीलँडमध्ये व्यभिचार हा गुन्हा होता आणि त्याची शिक्षा होती १० डॉलर दंड. राज्याच्या लेखी ज्याची किंमत १० डॉलर, त्यासाठी एका माणसानं राजीखुशीनं ७० लाख लिहून दिले. निकालानंतर थोड्याच आठवड्यांत, १ ऑक्टोबर २०२३ पासून, मेरीलँडनंही घटस्फोटाच्या कायद्यातून दोषाची कारणं काढून टाकली.

दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचले की खरा भेद दिसतो. व्यभिचार वाईट की नाही, यावर त्यांचा वाद नाही. कॅलिफोर्नियानं विचारलं : ही शिक्षा आहे का? मेरीलँडनं विचारलं : ही वाटणी आहे का? एकाच प्रकारच्या कलमाला दोन प्रश्न विचारले गेले आणि दोन उत्तरं आली. कॅलिफोर्नियातल्या कलमानं आपली रक्कम वाटणीच्या बाहेर ठेवून पहिल्या प्रश्नाला स्वतःच आमंत्रण दिलं, हे वर आलंच आहे. मेरीलँडची ताकद प्रौढ माणसांच्या शब्दाला मान देण्यात आहे. आपल्याच हातानं रक्कम वाढवणाऱ्या माणसाला नंतर ती अन्याय्य वाटू लागली, तर त्याची कड न्यायालयानं का घ्यावी? या प्रश्नाला सहजासहजी उत्तर नाही.

तरीही माझा कौल कॅलिफोर्नियाला आहे. ७० लाखांचा करार अब्जाधीशाच्या घरात शोभून दिसतो, पण तोच नमुना सामान्य घरात आला की त्याचं हत्यार होतं. जिची कमाई कमी, जिचं घर नवऱ्याच्या नावावर, तिच्याकडून निष्ठेच्या कलमावर सही करून घेणं फार सोपं असतं. मग तिचा फोन, तिचं ऑफिस, तिच्या मैत्रिणी, सगळं पुराव्याची खाण होऊन बसतं. असं कलम अंमलात आणायचं तर संशयालाही कायद्याचं बळ द्यावं लागतं. म्हणून न्यायालयाची माघार ही त्या घरांची राखण आहे. तिची किंमत मात्र कुणी तरी चुकवलीच. १९९३ साली विश्वासानं सही करणारी ती बायको २००२ साली करारातल्या पन्नास हजारांपैकी एक डॉलरही न घेता परतली. तिचं दुःख खरं होतं, आणि निकाल बरोबर असूनही तो वाचताना चुटपुट लागते. तिला लबाड किंवा सूडखोर ठरवणारा एकही शब्द न लिहून न्यायालयानं तिचा मान राखला, हे मला त्या निकालाचं मोठं सौंदर्य वाटतं.

मराठी वाचकाला हा विषय दूरचा वाटायचं कारण नाही. पुण्यात हिंदू विवाह कायद्याखाली लग्न करून कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या जोडप्याला तिथे सहा महिने राहिल्यावर तिथल्या न्यायालयात घटस्फोट मागता येतो, आणि तिथे हाच नियम लागू होतो. पण १९५५चा आपला कायदा अजून दोषाला धरून आहे. जोडीदाराचे विवाहबाह्य शरीरसंबंध हे घटस्फोटाचं कारण आहे आणि न मिटणारे मतभेद हे त्यात कारणच नाही. म्हणूनच १९९१ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की दुसऱ्या पक्षाची संमती किंवा त्यानं स्वेच्छेनं घेतलेला सहभाग नसेल, तर आपल्या कायद्यात नसलेल्या कारणावर परदेशात मिळालेला घटस्फोट इथे मान्य होत नाही. २०१८ साली व्यभिचार हा फौजदारी गुन्हा राहिला नाही, पण घटस्फोटाचं कारण म्हणून तो टिकून आहे.

गोव्याचं उदाहरण तर आपल्या घरातलंच. पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेनं तिथे लग्नाआधी रीतसर दस्तऐवज करून मालमत्तेची व्यवस्था ठरवता येते. तसं ठरवलं नाही, तर सगळी मालमत्ता सामाईक होते. लग्नानंतर तो करार बदलता येत नाही. भारताच्या इतर भागांत विवाहपूर्व कराराला असा स्पष्ट कायदेशीर पाया नाही. गोव्याच्या त्या करारांचा विषय मालमत्ता हाच असतो. कोणाचं काय, कोणाचं किती, हे आधी ठरवायचं आणि वागणुकीचा हिशेब त्यात आणायचा नाही, हा शहाणपणा तिथे जुना आहे.

म्हणून कुणी निष्ठेचं कलम घालायचा विचार करत असेल, तर माझं सांगणं साधं आहे. कायद्याकडून जे मिळू शकतं तेच त्याच्याकडे मागा. लग्न मोडलं तर राहतं घर कुणाकडे जाईल, संसारासाठी नोकरी सोडलेल्या जोडीदाराला किती मिळेल, लग्न जितकी वर्षं टिकेल तितका वाटा वाढेल का, हे सगळं नेमकं लिहा आणि त्यात कारण विचारू नका. असं संरक्षण फसवल्या गेलेल्याला मिळतं, कंटाळलेल्याला मिळतं आणि नुसतं जमलं नाही अशालाही मिळतं. त्यासाठी कुणाला कुणाच्या मागे पाळत ठेवत फिरावं लागत नाही. निष्ठा मात्र दोघांनी एकमेकांकडेच मागायची. ती मोडली तर न्यायालय घर वाटून देईल, मुलांची व्यवस्था लावेल, पोटगी ठरवेल. विश्वासघाताची वसुली त्यानं करावी ही अपेक्षा त्याच्यावरही अन्याय करणारी आहे आणि त्या वचनावरही.